नेसरीच्या स्वेटरची दुसरी बाही

समस्त कोल्हापूरकर, पंचक्रोशीतले पै-पाहुणे आणि आमच्या घराण्याच्या अब्रूशी ज्यांचा थोडाफार संबंध येतो अशा सर्वांना जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की, नेसरीच्या स्वेटरला यंदाच्या थंडीतही दुसरी बाही लागलेली नाही. उचगावचा बगळा अजून एकाच पायावर उभा आहे. हुपरीचं तोरण निम्म्या दारापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. पुढं सरकायची त्याची इच्छा दिसत नाही. गडहिंग्लजच्या शालीबद्दल तर काही विचारूच नये. संबंधितांनी याची नोंद घ्यावी आणि उगीच चौकशीला येऊ नये. आलातच, तर आक्का चहा करील. चहा मात्र ती पुरा करते.

तुळशीचं लग्न लागलं की माझे पाय आपोआप कोल्हापूरकडं वळतात. मी हुपरीला दिलेली. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. दिवसभर ठोकणं, जोडणं, उजळणं चाललेलं असतं. एखाद्या पैंजणाला घुंगरू लावायचा राहिला तरी आमच्या सासूबाईंना घास जात नाही. अशा घरातून मी एसटीत बसते आणि उतरते ती आक्काच्या घरात, जिथं काहीच पुरं होत नाही. वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागतात. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येतो, बाकीचे लोक नाकाला पदर-रुमाल लावतात, आणि मी तो वास छातीभर ओढून घेते. कारण एके काळी हा वास सुटला की आमच्या घरी पाहुणे यायला लागायचे.

आक्का माझी थोरली बहीण. लक्ष्मीपुरीत आमच्या आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, भुसारी मालाचं दुकान. आता ते ती चालवते आणि वर माडीवर एकटी राहते. आधी आव्वा, म्हणजे आई गेली, मग आप्पा. दुकानात आक्का तांदळाच्या पोत्याला टेकून बसते आणि मांडीवर लोकर घेते. गिऱ्हाईक आलं तरी सुया थांबत नाहीत. जोंधळा कुठं आहे ते ती हनुवटीनं दाखवते, आणि माप घालायला उठावंच लागलं तर सुई वेणीत खोचून उठते. एकदा अशीच सुई खोचून ती एका बारशाला जाऊन आली. पाच बायकांनी तिला नवी फॅशन काय म्हणून विचारलं.

माडीवर पाय ठेवायला जागा सापडते, पण बघून ठेवावा लागतो. खुर्चीच्या पाठीवर नेसरीचा स्वेटर, मिरचीच्या रंगाचा, एका बाहीचा. उशीच्या अभ्र्यावर उचगावचा बगळा. खाटेखाली वायरची पिशवी, तिला बूड आहे पण बंद नाहीत. आणि जिन्याच्या दारावर हुपरीचं तोरण: क्रोशाचं, हिरव्या-पिवळ्या दोऱ्याचं, डावीकडून मोठ्या थाटात निघालेलं आणि मधोमध संपलेलं, तिथं दोऱ्याचा गुंडा खिळ्याला टांगून ठेवलेला. माझे यजमान लग्नानंतर पहिल्यांदा तिकडं आले, तेव्हा नेमके त्या गुंड्याखाली उभे राहिले आणि तो त्यांच्या टोपीला लागला. 

"आमच्या गावावर एवढा राग का, आक्का?" त्यांनी विचारलं. 

"राग न्हाई, पावणं," आक्का म्हणाली. "तुमच्या गावानं जेवढं विणू दिलं तेवढं विणलं."

आता ही नावं कशी पडली ते सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटायचं की नेसरीला स्वेटरचा बाजार भरतो. ही नावं स्थळांची आहेत. नेसरीहून आक्काला बघायला पाहुणे आले, तेव्हा तिच्या मांडीवर जो स्वेटर होता तो नेसरीचा. उचगावचे आले तेव्हा ती जे भरत होती तो उचगावचा बगळा. 

आणि पाहुण्यांपुढं मुलीनं विणत का बसायचं, हा आमच्या आव्वाचा शोध. आक्का उंच. शेजारणी गच्चीच्या पत्र्यावर उडालेली कापडं काढायला काठी शोधायच्या नाहीत, आक्काला हाक मारायच्या. आप्पांपेक्षा ती वीतभर वर, आणि आमच्याकडं येणारी मुलं बहुधा आप्पांच्याच मापाची. पहिल्या एक-दोन स्थळांपुढं आव्वानं तिला रीतीप्रमाणं चालत आणली, हातात पाण्याचा तांब्या देऊन. पाहुण्यांच्या माना वर वर जात राहिल्या. मला तर वाटलं, आता कुणीतरी मागं पडतं. पुढच्या आठवड्यात मध्यस्थाकरवी निरोप आला, योग नाही. मग आव्वा दोन दिवस चुलीपुढं गप्प बसली आणि उठली ती हा शोध लावूनच. विणत बसलेल्या मुलीला कुणी ऊठ म्हणत नाही. टाके सुटतात ना! तेव्हापासून पाहुणे जिना चढायच्या आत आक्काला पाटावर बसवायचं, मांडीवर लोकर, भोवती पदर नीट पसरलेला. पाणी, उप्पीट, चहा सगळं मी न्यायचं. बसून राहिलं की मुलगी विणकामात हुशार दिसते आणि उंची झाकते. उभं राहायचं ते एकदम बोहल्यावर, आणि तिथून कोण परत जातंय?

बसलेली आक्का फार छान दिसायची. खाली घातलेली मान, बोटांतून पळणारी लोकर. मी पोह्यांच्या बश्या नाही, पण उप्पिटाच्या बश्या घेऊन दारात उभी राहायची आणि मला वाटायचं, घेऊन जावं हिला कुणीतरी असंच, पाटासकट.

आव्वाचा आणखी एक नियम होता आणि सगळा घोळ त्यानं केला. एका स्थळापुढं धरलेलं विणकाम दुसऱ्या स्थळापुढं धरायचं नाही. ते उष्टं. नकार आलेल्या स्वेटरवर पुढच्यांची नजर पडली तर त्यांच्याकडूनही नकारच येणार, असा तिचा हिशेब. म्हणून प्रत्येक स्थळाला नवी लोकर, नवा नमुना. ती लोकर आणायचं काम आप्पांकडं. आप्पा महाद्वार रोडवरच्या दुकानात जात आणि गव्हाचा नमुना बघावा तशी लोकर मुठीत चोळून बघत, वाससुद्धा घेत. रंगही ते आपल्या दुकानातले आणत: हळदीचा, मिरचीचा, मसुरीचा. आणि दर वेळी एक लडी कमी. पुन्हा जाऊन आणावी तर तो रंग संपलेला, नवा जरा फिका, जरा गडद. अंगावर सरळ पट्टा दिसतो. तोवर नकार आलेला असे, त्यामुळं कुणी जात नसे.

नकार आल्यावर आव्वा म्हणायची, "उसवून टाक गं ते. लोकर तरी कामाला येईल." 

आक्का एरवी तिचं सगळं ऐकायची. पाटावर बस म्हटलं बसायची, मान खाली घाल म्हटलं घालायची. पण ह्या एका गोष्टीला ती बधली नाही. 

"उसवायचं न्हाई," ती म्हणायची. "उसवायला माझं काय चुकलंय व्हय?" 

त्यावर आव्वा कानडीत शिरायची. माहेर निपाणीकडचं, त्यामुळं राग आला की मराठी तिला अपुरी पडे. "साकु, साकु!" म्हणजे पुरे, पुरे, असं म्हणत ती उठून जायची. आणि तो अर्धा स्वेटर सुयांसकट खुंटीवर चढायचा.

त्या संध्याकाळी मला अजून दिसतात. पाहुणे गेलेले. बश्यांत अर्धवट उप्पीट, त्यातल्या मिरच्या तेवढ्या कडेला काढलेल्या. सतरंजीवर कुणाच्या तरी बुटाची माती. आप्पा चपला घालून दुकानात उतरलेले. गिऱ्हाईक नसलं तरी ते तराजू पुसत बसत. आव्वा केसांतलं फूल न काढताच भांडी घासायला घेई. पाटावर आक्का तशीच बसून. पाय आखडलेले असत, ते ती हळूहळू लांब करायची. खिडकीतून गूळबाजाराचा गोड, जड वास येत असे, ऊन पिवळं होऊन भिंतीवर चढत असे, आणि कुणीच दिवा लावत नसे. घरात एवढी माणसं असून एवढं सामसूम मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. कोल्हापूरची थंडी तशी भित्री; स्वेटरच्या गळ्यापर्यंत पोहोचावं तर ऊन तापायला लागतं. पण त्या घरात ती शिमग्यापर्यंत रेंगाळायची.

आता मी गेले की आम्ही दोघी त्याच खिडकीत बसतो. दिवा आता आक्का वेळेवर लावते. चष्मा आलाय, तरी काळ्या लोकरीचे टाके तिला दिसत नाहीत, ते ती बोटानं मोजते. ह्या वर्षी तिनं नवीन काढलंय, आणि तेही एकदम तीन: एक टोपरं, एक पडदा, आणि एक काहीतरी जे काय होणार हे तिलाही ठाऊक नाही. 

"अगं, आधीचं एक तरी पुरं कर की," मी म्हटलं. 

"का?" 

"का म्हणजे? लोक करतात." 

"पुरं झालं की कपाटात जातंय, शैले. डांबराच्या गोळ्या घालून. अर्धं असलं की माझ्यासंगं बसतंय, जेवतंय. कवा वाटलं तर मी दोन टाके घालतो, न्हाई वाटलं तर न्हाई. एवढा गोतावळा हाय माझा, आणि एकाचीबी तक्रार न्हाई." असं म्हणून ती खो-खो हसली. कोल्हापूरची बाई हसली की खालच्या आळीला कळतं. मीही हसले. मग दोघींनी एकदम जिन्याकडं बघितलं, कारण पूर्वी हे हसणं ऐकून आप्पा खालून दुकानातनं ओरडायचे, "काय झालं गं?", आणि आता खालून कुणी ओरडलं नाही. 

थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझ्यामागं हे उसवू नका म्हणजे झालं." माझ्या घरी ह्या गोतावळ्याला जागा नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. चांदी उजळणाऱ्या घरात एका बाहीचा स्वेटर कुठल्या खुंटीवर टांगायचा?

माझ्या लग्नात मात्र तिनं बहार उडवली होती. रुखवत मांडायची वेळ आली. रुखवतात मुलीच्या माहेरच्या हातचं काम मांडतात, सगळ्या गावानं बघावं म्हणून. आव्वानं आयत्या वेळी शेजारून क्रोशाचे रुमाल उसने आणायचा घाट घातला होता. आमच्या पेठेत ही रीतच होती, एकच लोकरीचा कुत्रा मी चार लग्नांत पाहिलाय. आक्का म्हणाली, उसनं कशाला, घरात ढीग हाय की. आणि तिनं मांडलं. स्वेटर सुयांसकट, शाल लोकरीच्या गुंड्यासकट, बगळा, बिनबंदांची पिशवी. माझ्या सासरच्या आत्याबाई चष्मा पुसून पुसून बघायला लागल्या. 

"ह्यो बगळा एका पायाचा का गं?" 

"बगळा एका पायावरच उभा ऱ्हातो की, आत्त्या!" आक्का म्हणाली. "दुसरा पोटात घेतलाय त्यानं. थंडी हाय." 

आत्याबाईंना ते पटलं. पुढं कित्येक वर्षं त्या गावभर सांगत होत्या की कोल्हापूरचं भरतकाम फार बारकाव्याचं.

पण हे लग्न माझं दुसरं ठरलेलं. पहिलं ठरता ठरता गेलं, आणि ते ज्या थंडीत गेलं तीच मला मळीच्या वासाबरोबर दर वर्षी परत भेटते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मला एक स्थळ सांगून आलं होतं, जयसिंगपूरकडचं. मुलगा मला आवडला होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्या घराला कळलं होतं. त्या लोकांचं म्हणणं साधं होतं: थोरली अजून घरात, आधी तिचं होऊ द्या, शिमग्यापर्यंत थांबतो. त्यांचंही काही चुकत नव्हतं, तेव्हा असंच असायचं. पण त्या दिवसापासून घरात कुणी मोठ्यानं बोलेना. आव्वा मध्यस्थांकडं खेटे घालायला लागली. पूर्वी ज्या स्थळांची नावं ऐकून ती कपाळाला हात लावायची, त्यांची आता ती स्वतः चौकशी करू लागली. आणि आक्का कुणी न सांगता पाटावर जाऊन बसायला लागली. ते मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्याकडं बघून ती हसायची आणि सुया चालवायची, आणि मी पुस्तक उघडून त्याच पानावर बसून राहायची.

माघात एक स्थळ आलं. सीमेकडचं गाव, बिजवर, बायको जाऊन वर्ष झालेलं. तो स्वतः, त्याचा चुलता आणि आत्या, असे तिघं आले. आप्पांनी आणलेली लोकर ह्या वेळी राखाडी होती. दुकानात दुसरे रंगच नव्हते म्हणाले. मला ते खरं वाटलं नाही. आक्कानं पाठीचा भाग विणायला घेतला होता. मी उप्पिटाच्या बश्या ठेवल्या आणि दाराआड उभी राहिले.

बिजवराच्या आत्याबाई हुशार होत्या. उप्पीट खाता खाता त्यांनी खोली नजरेनं झाडून घेतली. खुंट्यांवरचं सगळं बघितलं, आणि आव्वाचा शोध एका वाक्यात निकालात काढला. 

"सुया ठेव गं बाजूला. ऊठ, बघू." 

आक्का उठली. उठतच राहिली. गुंडा मांडीवरून घरंगळला आणि त्या बिजवराच्या पायाशी जाऊन थांबला. त्यानं तो उचलला नाही, पाय तेवढा बाजूला घेतला. आत्याबाईंनी खालपासून वरपर्यंत बघितलं. 

"वय?" 

आव्वानं सांगितलं. एक वर्ष कमी करून. 

"आणि हे सगळं अर्धंमुर्धं का टांगलंय?" 

"हौस हाय तिला," आव्वा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. 

"आमच्यात असली हौस चालायची न्हाई. गोठा हाय, रान हाय, माणसांचं करायचं हाय. हे समदं हितंच टाकून यायचं." 

मला वाटलं, झालं, आता पानसुपारी होणार आणि आठवड्यानं निरोप येणार. जयसिंगपूर मी मनातल्या मनात पुसायला घेतलं. तेवढ्यात चुलत्यांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या, आणि आजवर आमच्या घरात कुणीच न म्हटलेलं ते म्हणाले. 

"असू दे. मुलगी पसंत हाय आमाला. तिथी धरूया." 

आव्वाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती साखरेचा डबा आणायला वळली, तशी दारात माझ्यावर आदळली आणि तिनं माझा हात एवढा आवळला की बांगडी पिचली. पुसायला घेतलेलं जयसिंगपूर मीही मनात परत लिहून काढलं, खोटं कशाला बोलू. मी आक्काकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. एवढी उंच बाई, पण त्या वेळी ती मला पाटावर बसलेल्या आक्कापेक्षा लहान दिसली. तिनं एकेका खुंटीकडं बघितलं, आणि मग मान हलवली. होकाराचीच. 

चुलते आता मोकळे झाले होते, मांडी घालून ऐसपैस बसले होते. आप्पांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "काय काळजी करू नका, पावणं. उंची म्हणा, वय म्हणा, हे अर्धंमुर्धं म्हणा. आमी सगळं चालवून घेतो." 

आप्पा अशा बैठकीत कधी बोलत नसत. 'घ्या, घ्या' एवढाच त्यांचा संवाद. जयसिंगपूरची मुदत त्यांना पाठ होती, मी दाराआड आहे हे त्यांना माहीत होतं, आणि आव्वा साखर घेऊन उंबऱ्यात पोचली होती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, बिजवराच्या पायाशी पडलेला गुंडा उचलला, त्याची धूळ झटकली, आणि खालच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले:

"चालवून घ्याला माझी पोरगी काय फाटकी नोट हाय व्हय?"